आकाशवाणी-दूरदर्शन कुणाचं, चालतं कशावर, आणि सीमाभागातल्या मराठी माणसानं कुठे विचारायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आकाशवाणी आणि दूरदर्शनचा विषय निघाला की तेच प्रश्न येतात. सह्याद्री वाहिनी का दिसत नाही, सांगली केंद्र रात्री का खरखरतं, धारवाडकडे मराठी कार्यक्रम मागता येईल का, आणि या सगळ्याचा खर्च करतं कोण. आपल्याकडे असं बोलणं लगेच दोन राज्यांच्या वादाकडे वळतं आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. म्हणून इथे फक्त ही संस्था कशी बांधली आहे, तिला पैसा कुठून येतो आणि आपण कुठलं दार ठोठवायचं, एवढंच लिहिलं आहे. माझं मत आधीच सांगतो: ही सेवा आपल्या करातून चालते, तिच्या कायद्यात आपल्या भाषेला जागा आहे, आणि ती जागा मागून घ्यायचं काम आपण श्रोत्यांनी फार कमी केलं आहे.

आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारचं की प्रसार भारतीचं?

दोन्ही प्रसार भारती या महामंडळाचे भाग आहेत. संसदेनं १९९० साली केलेल्या कायद्यानुसार हे महामंडळ स्थापन झालं. त्याआधी दोन्ही थेट केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची खाती होती. आज कायद्यानं संस्था वेगळी आहे, पण पैशासाठी तिला त्याच मंत्रालयाकडे बघावं लागतं. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ या एका वाक्यात आहे.

मग कर्नाटक सरकारचा यात हात किती?

काहीच नाही. महाराष्ट्र सरकारचाही नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत प्रसारण हा विषय केंद्र सरकारच्या यादीत, ३१ व्या नोंदीत आहे. धारवाड केंद्रावर काय लागतं हे बेंगळुरूच्या विधानसौधात ठरत नाही आणि सांगली केंद्रावर काय लागतं हे मुंबईच्या मंत्रालयात ठरत नाही. मराठी कार्यक्रमाची मागणी घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा आमदारांकडे गेलेली माणसं रिकाम्या हातानं परततात त्याचं कारण हेच. खासदारांकडे जाण्यात मात्र अर्थ आहे, कारण प्रसार भारतीचं अनुदान लोकसभेत मंजूर होतं आणि तिथे तिच्या कामावर प्रश्न विचारता येतो.

प्रसार भारती कशासाठी काढली? आधीचं काय वाईट होतं?

हिंदुस्थानात नियमित प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी मुंबईतून सुरू झालं. ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खाजगी कंपनी करत होती. ती तीन वर्षांत डबघाईला आली आणि १९३० मध्ये सरकारनं प्रसारण हातात घेतलं. १९३६ पासून ऑल इंडिया रेडिओ हे नाव लागलं. आकाशवाणी हे नाव कर्नाटकातलं आहे: प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी म्हैसूरला १९३५ साली स्वतःचं छोटं केंद्र काढलं, त्याला ते नाव दिलं होतं. १९५० च्या दशकात ते साऱ्या देशानं उचललं.

सरकारी खातं असण्यातला धोका आणीबाणीत सगळ्यांनी पाहिला. रेडिओवरच्या बातम्या म्हणजे सरकारची बाजू, एवढंच उरलं. १९७७ मध्ये सत्ता बदलल्यावर बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिनं १९७८ साली स्वायत्त संस्थेची शिफारस केली. विधेयक आलं, पण लोकसभाच बरखास्त झाली. पुढे १९९० साली कायदा झाला, तोही सात वर्षं अंमलात आला नाही.

मधे १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खटला क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता, पण न्यायालयानं सांगितलं ते फार मोठं होतं: प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, ती सरकारचीही मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्यांचीही नाही. अखेर १५ सप्टेंबर १९९७ रोजी कायदा लागू झाला आणि २३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती उभी राहिली.

कारभार कोण बघतं?

वर एक मंडळ आहे. अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी, वित्त आणि कार्मिक असे दोन पूर्णवेळ सदस्य, सहा अर्धवेळ सदस्य, आकाशवाणी आणि दूरदर्शनचे महासंचालक, मंत्रालयाचा एक प्रतिनिधी आणि कर्मचाऱ्यांमधून निवडून आलेले दोघे, अशी त्याची रचना कायद्यात आहे. अध्यक्ष आणि सदस्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात. नावं सुचवणाऱ्या समितीत तिघे असतात: राज्यसभेचे सभापती म्हणजे उपराष्ट्रपती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती.

खाली दोन मोठी खाती, त्यांची विभागीय कार्यालयं आणि मग केंद्रं. आपल्या कामाचं असतं ते केंद्र. तिथे कार्यक्रम विभाग वेगळा, अभियांत्रिकी वेगळा आणि बातम्यांचा कक्ष असेल तर तोही वेगळा. ‘आवाज नीट येत नाही’ ही तक्रार कार्यक्रम अधिकाऱ्याकडे गेली तर ती तिथेच पडून राहायची शक्यता जास्त. तांत्रिक तक्रारीच्या पत्रावर ‘केंद्र अभियंता’ असं स्पष्ट लिहावं.

सीमाभागाची अडचण या रचनेतच आहे. धारवाडचं प्रशासन दक्षिणेकडच्या साखळीत, सांगली-कोल्हापूरचं मुंबईकडच्या. एकाच नदीकाठची दोन गावं दोन वेगळ्या साखळ्यांत मोडतात.

पैसा कुठून येतो?

मुख्य वाट सरकारी अनुदानाची. कायद्याच्या १७ व्या कलमानुसार केंद्र सरकार संसदेच्या मंजुरीनं प्रसार भारतीला भांडवल, अनुदान किंवा कर्ज देऊ शकतं. अलीकडच्या वर्षांत हे अनुदान अडीच ते तीन हजार कोटी रुपयांच्या दरम्यान राहिलं आहे आणि त्यातला सिंहाचा वाटा पगार आणि पगाराशी जोडलेल्या खर्चात जातो. त्याचं कारण असं, की ५ ऑक्टोबर २००७ पूर्वी भरती झालेले कर्मचारी कायद्यानं सरकारी सेवेतून आलेले मानले जातात आणि त्यांच्या पगाराचा बोजा केंद्र सरकारनं उचलला आहे.

दुसरी वाट संस्थेच्या स्वतःच्या कमाईची. विविध भारतीवर जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ पासून लागू लागल्या, आणि सुरुवात मुंबई, पुणे, नागपूर या आपल्याच केंद्रांवरून झाली. दूरदर्शनवर १९७६ पासून. यात खाजगी जाहिराती असतात, तशा सरकारी खात्यांच्याही. शिवाय मनोरे आणि जागा भाड्यानं देणं, जुन्या कार्यक्रमांचे हक्क विकणं आणि दूरदर्शनच्या फ्री डिश या मोफत सेवेवर खाजगी वाहिन्यांना द्यायच्या जागांचा लिलाव. रोजचा कार्यक्रम, वीजबिल, कलाकारांचं मानधन हे मुख्यतः या कमाईतून भागवायचं असतं.

म्हणूनच जाहिराती आटल्या की पहिली कात्री लागते ती नैमित्तिक निवेदकांच्या पाळ्यांना आणि स्थानिक ध्वनिमुद्रणाला. पगार थांबत नाही, पण गावात येऊन मुलाखत घेणारी गाडी थांबते. छोट्या केंद्रांवर दुसरीकडून घेतलेले कार्यक्रम वाढलेले दिसतात, त्याची एक बाजू ही आहे. लोकसेवा प्रसारण टिकवायचं तर पगाराबरोबर स्थानिक कार्यक्रमासाठीही राखीव पैसा हवा, असं मला ठामपणे वाटतं.

तिसरी वाट योजनांची. ‘बाइंड’ या योजनेला जानेवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी तिची रक्कम २,५३९.६१ कोटी रुपये होती. एफएमचं जाळं वाढवणं, स्टुडिओ आणि यंत्रसामग्री नवी करणं हा तिचा हेतू.

या सगळ्याचं लेखापरीक्षण देशाचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, करतात आणि वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवला जातो.

म्हणजे माझ्या खिशातून किती जातात?

तीन हजार कोटी धरले आणि लोकसंख्या १४० कोटी, तर माणशी वर्षाला एकवीस-बावीस रुपये. खानापूर स्टँडवरच्या दोन चहांचे पैसे. यातून शेकडो केंद्रं, आकाशवाणीच्या २३ भाषा आणि पावणेदोनशेच्या वर बोली, दूरदर्शनच्या वाहिन्या, संगीताचं साठवलेलं भांडार, एवढं सगळं चालतं.

पूर्वी रेडिओला लायसन लागायचं ना? ते कुठे गेलं?

लागायचं, आणि ते पोस्टात मिळायचं. १८८५ च्या तार कायद्याखाली रेडिओ संच बाळगायला परवाना हवा होता. आमच्या घरात आजोबांच्या नावाची ती वही अजून ट्रंकेत आहे. हातात मावेल एवढी, कडा कातरलेल्या. पहिल्या पानावर नाव, पत्ता आणि संचाचा मेक शाईनं लिहिलेला, पुढच्या पानांवर दरवर्षी चिकटवलेलं तिकीट आणि त्यावर पोस्टाचा गोल शिक्का. काही शिक्के इतक्या जोरानं मारलेत की मागच्या पानावर उमटलेत. फी भरायला उशीर झाला तर दंड असायचा आणि तपासनीस दारात येतील अशी धास्तीही असायची.

ही फी ऐंशीच्या दशकाच्या मध्यात रद्द झाली. गोरगरिबांच्या दृष्टीनं चांगलंच झालं. पण एक गोष्ट त्याबरोबर गेली: श्रोता आणि केंद्र यांच्यातला थेट धागा. ब्रिटनमध्ये बीबीसी अजून घरटी परवाना शुल्कावर चालते, जपानमध्ये एनएचके प्रेक्षकांच्या शुल्कावर. तिथला माणूस ‘मी पैसे भरतो’ म्हणून हक्कानं पत्र लिहितो. आपणही भरतोच, फक्त ते करात मिसळल्यामुळे दिसत नाही. गंमत म्हणजे प्रसार भारती कायद्याच्या १७ व्या कलमात परवाना शुल्काचा उल्लेख आजही आहे, ‘असल्यास’ असा शब्द जोडून.

बेळगावात सांगली केंद्र सकाळी स्वच्छ आणि रात्री खरखर, असं का?

सांगली (१२५१ किलोहर्ट्झ) आणि धारवाड (७६५ किलोहर्ट्झ) ही मिडियम वेव्हवर ऐकत आलेली केंद्रं. मिडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि आकाशाकडे गेलेला भाग वातावरणाच्या वरच्या थरात शोषला जातो. सूर्य मावळला की तो शोषणारा थर विरतो, लहरी वरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर लांब पडतात. मग त्याच किंवा लगतच्या पट्टीवरची लांबची केंद्रं सांगलीत मिसळतात. यात ना तुमच्या रेडिओचा दोष, ना केंद्राचा.

दोन गोष्टी करून बघा. ट्रान्झिस्टर टेबलावर हळूहळू फिरवा. आत फेराइटची कांडी असते, ती केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज भरतो आणि टोक केंद्राकडे गेलं की पडतो. आणि जवळचा एलईडी दिवा किंवा इन्व्हर्टर बंद करून बघा. बरीचशी खरखर घरातलीच असते.

एफएमचं उलट आहे. आवाज स्वच्छ, पण लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. कोल्हापूरचं १०२.७ निपाणीकडे जसं मिळतं तसं जांबोटी-कणकुंबीच्या डोंगरात मिळायची आशा धरू नये. मिडियम वेव्ह मागे पडून एफएमवर भर येतो आहे, तेव्हा खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांनी हे आतापासून लिहून कळवायला हवं. नकाशावर जिल्हा एफएमच्या कक्षेत दिसतो, दरीतलं गाव दिसत नाही.

मोबाईलवर ऐकता येतं का?

येतं. ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर देशभरातल्या आकाशवाणी वाहिन्या मोफत ऐकता येतात, त्यात मराठी केंद्रं आणि मराठी बातम्याही आहेत. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ नावाचं व्यासपीठही काढलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या बघता येतात. डेटा आणि रेंज असेल तोवर उत्तम.

इंटरनेट असताना रेडिओ हवाच कशाला?

पुराच्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारत नाही.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं, सांगलीवरून राजापूर बंधाऱ्याला आणि तिथून कर्नाटकात, चिकोडी, रायबाग, अथणीकडे. काळम्मावाडीचं पाणी दूधगंगेतून, पाटगावचं वेदगंगेतून निपाणीच्या बाजूला उतरतं. म्हणजे आपल्या गावात उद्या पाणी किती चढणार याची बातमी आज महाराष्ट्रातल्या धरणांवर तयार होत असते. वीज गेलेली, मोबाईलचे मनोरे बंद पडलेले, अशा वेळी दोन सेलवर चालणारा रेडिओ आणि त्यावर विसर्गाचे आकडे, एवढंच हाताशी राहतं. आकडे ऐकून गोठ्यातली जनावरं सोडायची की रात्र काढायची हे ठरतं.

आता रचनेचा तो मुद्दा पुन्हा बघा. धरणं आणि वरच्या अंगाची केंद्रं एका साखळीत, पाणी शिरणारी गावं दुसऱ्या साखळीत. पावसाळ्यात विसर्गाची आणि बंधाऱ्यांवरच्या पातळीची माहिती सांगली, कोल्हापूर आणि धारवाड या तिन्ही ठिकाणांहून, मराठी आणि कन्नड दोन्हींत, ठरलेल्या वेळी लागावी. ही मागणी भाषेच्या वादाची नाहीच. कृष्णाकाठच्या गावात कन्नड आणि मराठी घरं एका भिंतीला लागून असतात आणि पाणी दोन्हींत शिरतं. सगळ्या अर्जांत पहिला अर्ज मी याचा करीन.

कर्नाटकातल्या केंद्राकडे मराठीसाठी वेळ मागता येतो का?

येतो. प्रसार भारती कायद्याचं १२ वं कलम काढून वाचा. महामंडळाच्या उद्दिष्टांत देशातल्या वेगवेगळ्या प्रदेशांच्या संस्कृती आणि भाषांना पुरेसं स्थान देणं आहे, अल्पसंख्याकांच्या खास गरजा लक्षात घेऊन कार्यक्रम देणं आहे, आणि प्रत्येक राज्यात त्या राज्याच्या भाषांमधून प्रादेशिक प्रसारण पोचवणं आहे. कायद्यात ‘भाषांमधून’ असं अनेकवचन आहे. बेळगाव जिल्ह्यातली मराठी ही कर्नाटकातली एक भाषाच आहे.

धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० ला सुरू झालं. ते कन्नड केंद्र आहे आणि तसंच असायला हवं. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडला त्यानं जे दिलं ते फार मोठं आहे. पण दोन भाषा एका केंद्रावर नांदत नाहीत असं कुणी म्हणालं तर पणजीकडे बघायला सांगा. तिथे कोकणी आणि मराठी दोन्ही लागतात. हैदराबादला तेलुगूबरोबर उर्दू आहे.

मागणी मात्र मोजकी आणि नेमकी हवी. ‘मराठीला न्याय द्या’ या पत्राला उत्तर देता येत नाही. ‘खानापूर तालुक्यातल्या भातशेतकऱ्यांसाठी आठवड्यातून अर्धा तास मराठीतून शेतीसल्ला’ याला द्यावं लागतं. सोबत श्रोत्यांच्या सह्या, गावांची नावं, आणि बोलू शकतील अशा जाणकारांची यादी जोडली तर कार्यक्रम अधिकाऱ्याचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असतं.

सह्याद्री वाहिनी केबलवर दिसत नाही. केबलवाल्याला विचारलं तर म्हणतो, ही महाराष्ट्राची आहे, इथे चालत नाही.

ते खरं नाही. डीडी सह्याद्री मुंबईहून चालते, पण ती राष्ट्रीय प्रसारकाची वाहिनी आहे. १९९५ च्या केबल कायद्याच्या ८ व्या कलमानुसार केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या दूरदर्शन वाहिन्या दाखवणं केबलचालकाला बंधनकारक असतं. बऱ्याचदा वाहिनी असते, पण क्रमांक बदलून कुठे तरी मागे टाकलेली असते. सेट टॉप बॉक्समध्ये नव्यानं शोध लावून बघा. तरी नाही सापडली तर केबलचालकाला लेखी द्या आणि पोच घ्या.

फ्री डिशला महिन्याला पैसे नाहीत, मग ती चालते कशी?

डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. एकदा डिश आणि बॉक्स घेतला की पुन्हा रिचार्ज नाही. खाजगी वाहिन्यांना इथे जागा हवी असते कारण गावोगावची कोट्यवधी घरं या डिशवर आहेत, आणि ती जागा ई-लिलावात घ्यावी लागते. या लिलावातून काही वर्षी हजार कोटींच्या घरात रक्कम आली आहे. सह्याद्री आणि कन्नडमधली चंदना दोन्ही तिच्यावर मिळतात, हे आपल्याकडच्या घरांना सोयीचं.

क्रिकेटचा सामना फ्री डिशवर दिसतो आणि केबलवरच्या डीडी स्पोर्ट्सवर मात्र दुसरंच काही चालू असतं. का?

२००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचं प्रक्षेपण हक्क घेतलेल्या खाजगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. जाहिरातीचं उत्पन्न टीव्हीसाठी ७५ टक्के कंपनीला, २५ टक्के प्रसार भारतीला. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे प्रक्षेपण दूरदर्शननं फक्त आपल्या जमिनीवरच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवर दाखवावं, खाजगी केबलवर नाही.

बातम्यांवर सरकारचा दाब असतो का?

कायद्याच्या २३ व्या कलमानुसार देशाची एकता, सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी केंद्र सरकार एखादी गोष्ट प्रसारित करू नका किंवा करा असा निर्देश देऊ शकतं. त्याची प्रत संसदेपुढे ठेवायची असते, आणि ‘हे निर्देशानुसार प्रसारित होत आहे’ असं सांगायची मुभा महामंडळाला आहे. ही मर्यादा नीट आखलेली आहे.

खरा दाब निर्देशातून येत नाही, तो पैशातून आणि नेमणुकांतून येतो. जी संस्था पगारासाठी दरवर्षी मंत्रालयाच्या अनुदानाकडे बघते तिचं स्वातंत्र्य तेवढंच असतं. सॅम पित्रोदा समितीनं २०१४ च्या अहवालात याच दोन गोष्टींवर, पैसा आणि मनुष्यबळावर, बोट ठेवलं होतं. कायद्यात २२ खासदारांच्या समितीची आणि श्रोत्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रसारण परिषदेची तरतूद आहे. सामान्य श्रोत्याला तिचा पत्ताही नसतो, आणि हे बदलायला हवं.

असं असूनही सकाळच्या प्रादेशिक बातम्यांना मी मानतो. दहा मिनिटांत आरडाओरडा न करता पाऊस, बाजार, निकाल, निधन सांगून मोकळं होणारं दुसरं माध्यम आपल्याकडे उरलेलं नाही.

बेळगावातलं वेणुध्वनी आकाशवाणीचंच का?

नाही. ते ९०.४ वरचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, केएलई संस्थेचं. सामुदायिक आणि खाजगी एफएम प्रसार भारतीच्या बाहेर असतात. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. छोट्या वृत्तपत्रांसाठी मात्र एक सोय झाली आहे: मार्च २०२४ पासून प्रसार भारतीची ‘शब्द’ ही वृत्तसेवा मराठीसह अनेक भाषांत मजकूर आणि चित्रफिती पुरवते.

निवडणुकीत रेडिओवर भाषणाची वेळ कुणाला मिळते?

मान्यताप्राप्त राष्ट्रीय पक्षांना आणि त्या राज्यातल्या मान्यताप्राप्त प्रादेशिक पक्षांना, निवडणूक आयोगाच्या योजनेनुसार. नुसत्या नोंदणीकृत पक्षांना आणि अपक्षांना नाही. त्यामुळे सीमाभागातल्या अपक्ष उमेदवाराचा आवाज तिथे येत नाही, यात भाषेचा संबंध नसतो.

मुलगी शास्त्रीय गाते. आकाशवाणीवर गायला कुठे अर्ज करायचा?

सहसा आपण राहतो त्या हद्दीतल्या केंद्राकडे, म्हणजे बेळगाव जिल्ह्यासाठी धारवाडला. केंद्र अर्ज मागवतं, मग ध्वनिचाचणी. उत्तीर्ण झालेल्यांना बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी असतात आणि मानधन श्रेणीप्रमाणे. पहिल्या खेपेला नापास होणारे पुष्कळ असतात, ठरावीक काळानं पुन्हा बसता येतं.

आणि धारवाड म्हटल्यावर मनात किंतु नको. मल्लिकार्जुन मन्सूर या केंद्राचे संगीत सल्लागार होते. कुमार गंधर्व तर आपल्या बेळगाव तालुक्यातल्या सुळेभावीचे. त्यांची घरची भाषा कन्नड, आणि त्यांच्या मैफलींना जीव ओवाळून टाकणारा श्रोता मराठी. इथल्या गाण्याला एक भाषा कधीच पुरलेली नाही.

तक्रार किंवा मागणी नेमकी कुठे आणि कशी करायची?

पहिलं पत्र केंद्रप्रमुखांना, साध्या कागदावर, स्पीड पोस्टानं. मराठी केंद्राला मराठीत, धारवाडला शक्यतो कन्नड किंवा इंग्रजीत आणि सोबत मराठी प्रत. मागणी समजायला जितकी सोपी तितकी ती पुढे सरकते. महिनाभरात काही नाही आलं तर केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर, सीपीग्राम्सवर, प्रसार भारती निवडून नोंद करा. तिथे नोंदणी क्रमांक मिळतो आणि उत्तर द्यावंच लागतं.

माहिती हवी असेल तर माहितीचा अधिकार आहे, फी १० रुपये. ‘मराठी कार्यक्रम का नाहीत’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. असं विचारा: गेल्या आर्थिक वर्षात या केंद्रावर कोणत्या भाषेत किती तास प्रसारण झालं, स्थानिक कार्यक्रमांवर किती खर्च झाला, बेळगाव जिल्ह्यात किती ध्वनिमुद्रणं झाली. हे आकडे हातात आले की पुढचं पत्र आपोआप नेमकं होतं.

तांत्रिक तक्रारीसाठी आठवडाभर टिपण ठेवा. तारीख, वेळ, गावाचं नाव, केंद्र, आवाज स्वच्छ होता की खरखरीत की गायब, आणि त्या वेळी वीज होती की नव्हती. गावातल्या चार-पाच वेगवेगळ्या घरांतून अशी टिपणं गोळा करून एकत्र पाठवलीत, तर बिघाड एका रेडिओत आहे की प्रसारणात, हे अभियंत्याला बसल्या जागी कळतं.